मुंडकाराच्या घराचे कागद करून देणारं म्हापशातलं ऑफिस, आमचा दीड वर्षाचा अनुभव

दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार, आणि जमीन ज्याची तो भाटकार. आधीच सांगतो, ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये. वकिलांना जाहिरात करायला बंदी असते, बार कौन्सिलचा नियम आहे, आणि तिथल्या वकील मॅडमनी स्वतःच सांगितलं की कुठे लिहिणार असाल तर खुशाल लिहा पण आमच्या बोर्डावरचं नाव तेवढं नको. आमचं गावही सांगत नाही, कारण गाव एवढंसं आहे की भाटकार कोण ते दोन मिनिटांत सगळ्यांना कळेल आणि त्यांच्यातल्या दोघांशी आमचं अजून चतुर्थीचं येणंजाणं आहे. तर म्हापसा, बाजाराजवळ, दुसरा मजला, लिफ्ट नाही. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस, गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि वर जाईपर्यंत नंबर पण गेलेला असतो. रेटिंग पाचपैकी चार. एक कुठे कापला ते येईलच पुढे.

आमची केस साधी म्हणजे गोव्यात हजार घरांची असते तशीच. आजोबा भाटकाराच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, नारळ पाडायला, राखण करायला होते, त्यांनी भाटकाराच्या संमतीने तिथेच मातीच्या भिंती आणि वर नळे, म्हणजे कौलं, असं घर बांधलं, गोवामुक्तीच्या आधीची गोष्ट. मग बाबांनी चिरे लावले, मागे न्हाणी काढली, गोठा होता तिथे आता माझी स्कूटर असते. घर नंबर आमचा, घरपट्टी आम्ही भरतो, वीज आमच्या नावावर, आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा) काढला की त्यावर नाव भाटकाराचं. लहानपणापासून एकच ऐकलं, मुंडकाराला कोण काढू शकत नाही. आजोबा म्हणायचे, बाबा म्हणतात, शेजारचा म्हणतो. खरंच आहे ते, पण त्या एका वाक्यावर आमच्या घराने पन्नास वर्षं काही म्हणजे काहीच केलं नाही.

जाग कधी आली, तर नळे काढून पत्रे घालायचे ठरवलं तेव्हा. पंचायतीत गेलो तर म्हणे जमीन मालकाचा ना हरकत दाखला आणा. मालक कोण, तर म्हातारा भाटकारबाब वारला, त्याची मुलं एक लिस्बनला, एक पुण्याला, एक इथेच, आणि इथे असलेल्याने सांगितलं की बाकीच्यांचं ठरेपर्यंत मी सही करणार नाही. त्याच महिन्यात एक परका माणूस टेप घेऊन आमच्या अंगणात उभा. कोण रे तू, तर म्हणे प्लॉट बघायला आलोय. आईने त्याला पाणी दिलं आणि मग हाकलला, हा क्रम बरोबर आहे, आईच ती.

त्याच सुमाराला भाचा ह्यूस्टनहून आला होता सुट्टीवर. तो म्हणतो मामा, आमच्याकडे होमस्टेड असतं, घर होमस्टेड असलं की देणेकऱ्यांना हात लावता येत नाही, तुमच्याकडे असं काही नाही का? मी म्हटलं आमच्याकडे मुंडकारी आहे. तो म्हणाला मग तेच असेल. हे डोक्यात घेऊन मी म्हापशाला गेलो आणि पहिल्या भेटीत मॅडमना हाच प्रश्न विचारला, ही आपली मुंडकारी म्हणजे गोव्याची होमस्टेड का. पहिल्या भेटीचे पाचशे रुपये घेतात, ते तिथेच वसूल झाले.

त्यांनी आधी हसून घेतलं. मग म्हणाल्या, तुमचा भाचा ज्याबद्दल बोलतो त्या एका नावाखाली तीन गोष्टी आहेत आणि अमेरिकेतले लोकही घोळ करतात. एक म्हणजे १८६२ चा कायदा, लिंकनच्या काळातला, सरकारी जमीन १६० एकर घ्या, पाच वर्षं राहा, कसा, मग तुमची. ते जमीन वाटप होतं, ते संपलं. दुसरं म्हणजे राहत्या घराला कर्जवसुलीतून मिळणारं संरक्षण, त्याची सुरुवात टेक्ससने केली, १८३९ मध्ये, तेव्हा टेक्सस अमेरिकेत पण नव्हतं, वेगळा देश होता. आजही तिथे शहरात १० एकरपर्यंत आणि गावात कुटुंबाला २०० एकरपर्यंतचं राहतं घर क्रेडिट कार्डवाल्याला, हॉस्पिटलच्या बिलवाल्याला जप्त करता येत नाही. फ्लोरिडात शहरात अर्धा एकर, बाहेर १६० एकर, आणि घर कितीही महाग असलं तरी चालतं. राज्य बदललं की आकडे बदलतात. आणि तिसरं म्हणजे घरपट्टीतली सूट, तिलाही तेच नाव, आणि भाच्याने फॉर्म भरला असेल तर बहुतेक तोच. मी रात्री भाच्याला फोन करून विचारलं. तोच होता. गप्प झाला.

पण खरं महत्त्वाचं त्यांनी पुढे सांगितलं. तिथेही घरावरच घेतलेलं कर्ज असेल तर ते संरक्षण चालत नाही, घराचा टॅक्स थकवला तर चालत नाही, घराच्या कामाचे पैसे बुडवले तरी चालत नाही. म्हणजे बाहेरच्याने येऊन घर ओढू नये म्हणून भिंत आहे, तुम्ही स्वतः दार उघडलंत तर भिंत काय करणार. आणि नवराबायकोपैकी एकाला दुसऱ्याच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. मी म्हटलं हे तर आपल्याकडेही आहे. तर म्हणाल्या, आहेच, १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून, गोव्यात लग्न झालं आणि वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, बायकोच्या सहीशिवाय घर विकून दाखवा. शिवाय मृत्युपत्र करून सगळंच्या सगळं एकाला देता येत नाही, अर्धा हिस्सा वारसांसाठी राखून ठेवावाच लागतो.

मुंडकारीचं म्हणाल तर ते वेगळंच प्रकरण. १९७५ चा कायदा, लागू झाला १९७६ पासून. तो देणेकऱ्यापासून नाही, भाटकारापासून वाचवतो. दुसऱ्याच्या जमिनीवर, त्याच्या संमतीने, कायमचं घर करून राहणारा तो मुंडकार, चाकरी करत असो नसो. भाडं देणारा मुंडकार नव्हे. मालकाच्या आउटहाउसात पगारावर राहणारा गडी नव्हे, खाणीच्या किंवा कारखान्याच्या खोलीत नोकरीमुळे राहणारा नव्हे, आणि मालकाचं घर सांभाळायला ठेवलेला पण नव्हे. हे शेवटचं नीट ऐका, कारण भाटकाराचा वकील पहिल्यांदा हेच म्हणतो, की हा आमचा केअरटेकर होता. आमच्या केसमध्येही म्हटलं. आजोबा कसली केअर घेत होते, भाटकाराचा वाडा आमच्यापासून अर्ध्या मैलावर.

हक्क वारसाला जातो, विकता मात्र येत नाही. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हे, भोवतालची जागाही त्यात धरतात, पंचायतीच्या हद्दीत भिंतीपासून पाच मीटर, किंवा घराखालच्या जागेसकट ३०० चौरस मीटर, असा हिशोब आहे, शहरात दोन मीटर आणि २००. आमच्या बाबांना वाटत होतं विहिरीपर्यंत सगळं आमचं. विहीर आठ मीटरवर आहे. त्या दिवशी परत येताना बाबा बसमध्ये काही बोलले नाहीत.

आता कामाबद्दल. काम दोन टप्प्यांत होतं आणि हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मामलेदाराकडे मुंडकारांच्या रजिस्टरात नाव लावायचं, कलम २९. त्यानंतर घर आणि ती जागा विकत घ्यायचा अर्ज, कलम १५ आणि १६. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सात घरं आहेत, त्यातल्या चौघांनी पहिला टप्पा वीसेक वर्षांपूर्वी केला आणि ऑर्डर ट्रंकेत घालून ठेवली, त्यांना वाटतं झालं काम. झालं नाही. रजिस्टरात नाव म्हणजे तुम्ही मुंडकार आहात एवढंच, उताऱ्यावर मालक अजून भाटकारच. मी हे त्यांना जाऊन सांगितलं तर एकाने मलाच विचारलं, तुला वकिलीणबाई कमिशन देते काय.

पुरावे गोळा करायचं काम या ऑफिसात एक वयस्क गृहस्थ बघतात, सगळे त्यांना मामा म्हणतात, आधी कुठल्या तरी सरकारी खात्यात होते म्हणे. खरं सांगू तर चारातले तीन स्टार एकट्या मामांचे आहेत. त्यांनी यादी दिली नाही. त्यांनी विचारलं, आजोबांची ट्रंक आहे का घरात. होती. तर म्हणे तशीच घेऊन ये, काही निवडू नकोस. मी स्कूटरवर ट्रंक बांधून म्हापशाला. त्यातून त्यांनी टेबलावर एकेक कागद मांडले, जुनी घरपट्टीची पावती, रेशन कार्ड, बाबांच्या शाळेचा दाखला ज्यावर राहण्याचा पत्ता होता, विजेचं पहिलं बिल. आम्ही फेकणार होतो असा एक पिवळा कागद निघाला, भाटकारबाबने आजोबांना लिहिलेली चिठ्ठी, चतुर्थीला नारळ पाठवून दे असं काहीतरी, आणि त्यात ओळ की घराच्या छपराला माझ्या भाटातले वासे काढून घे. मामा ती चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाले, "ही तुजी संमती." भाटकारानेच स्वतःच्या हाताने वासे दिले, तर आता त्याची मुलं आम्हाला घुसखोर कसं म्हणणार.

सर्व्हेचा जुना नकाशा पण मामांनीच काढून आणला, सत्तरच्या दशकात गोव्यात पहिला सर्व्हे झाला त्यातला. त्यावर आमचं घर एक छोटा चौकोन. बाबांनी त्यावर बोट ठेवलं ते काही वेळ काढलंच नाही.

वारसांचा भाग हा सगळ्यात कटकटीचा. मला वाटलं बाबांच्या नावाने अर्ज करायचा. तर नाही, आजोबांचा हक्क तिन्ही मुलांना आला, बाबा, मुंबईचे काका आणि सावंतवाडीची आत्या. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाही, गोव्यात मुलगा मुलगी सारखेच. आणि काकांबरोबर काकूंचीही सही हवी, कारण त्यांचं लग्न गोव्यात नोंदलेलं. काकू म्हणाल्या मी त्या घरात एकूण अकरा दिवस राहिले असेन. तरी सही हवी. आत्या मात्र लगेच आली, सकाळच्या बसने, हातात काजूगर, आणि ऑफिसात मामांना म्हणते माझा हिस्सा नको पण माझं नाव राहू दे. मॅडमनी तसंच केलं, तिघांच्या नावे अर्ज. अशा गोष्टी चांगला वकील ऐकून घेतो, नाहीतर दुसऱ्या एका ठिकाणी मी आधी गेलो होतो तिथे सांगितलं होतं की आत्याला सांगूच नका, कोण विचारतोय. तिथून उठून आलो ते बरं झालं.

एक सल्ला त्यांनी न मागता दिला, की घर कुलूप लावून ठेवू नका. कायम वस्ती हा या कायद्याचा पाया आहे, घर बंद, वीज कापलेली, अंगणात रान, असं झालं की समोरच्याच्या हातात आयतं कोलीत. मी नोकरीसाठी वेर्ण्याला खोली घेणार होतो आईबाबांसकट, तो बेत रद्द. आता रोज एवढा प्रवास करतो, कंबर गेली, पण ठीक आहे.

आणि पत्र्यांचं? ज्या कामासाठी हे सगळं सुरू झालं ते? त्यांनी सांगितलं घर आहे तेवढंच ठेवून दुरुस्ती करायचा हक्क मुंडकाराला कायद्यातच आहे, आणि पंचायतीला तसं पत्र लिहून दिलं, कलमांसकट दोन पानी. पत्रे पावसाच्या आधी चढले. त्या पत्राचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, हे नंबर एक. तारीख पुढे गेली तर कळवायला हवं ना, मी दोनदा रजा टाकून गेलो तर त्या दिवशी सुनावणीच नाही, इलेक्शन ड्युटी की काय ते. तारखा पुढे जाणं ऑफिसच्या हातात नाही हे मान्य, लिस्बनला नोटीस पोचायलाच चार महिने गेले, पण एक मेसेज टाकायला काय जातं. दुसरं, झेरॉक्स आणि अ‍ॅफिडेव्हिटचे पैसे वेळोवेळी सुटे सुटे घेतात, पाचशे, तीनशे, परत पाचशे, आणि पावती मागितली तर मिळते पण मागावी लागते. एकूण आमचे फीसकट पस्तीस हजार झाले आत्तापर्यंत, सुरुवातीला पंचवीस सांगितले होते. आधीच पस्तीस सांगितले असते तरी दिलेच असते. एक स्टार इथे गेला.

बसायला तीन खुर्च्या. खाली उतरून पातळभाजी पाव खाऊन या, तोपर्यंत नंबर येतो.

लोक विचारतात सरकारची ती म्हजें घर योजना आहे ना, मग वकील कशाला. मीही विचारलं होतं. २०२५ मध्ये आली ती मुख्यतः सरकारी जमिनीवर किंवा कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, जमिनीवर २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी बांधलेल्या घरांसाठी, तिथे मालक सरकार नाहीतर कोमुनिदाद. आमचा मालक खाजगी भाटकार, आमचा रस्ता मुंडकारीचाच. ऑफिसात एक बाई आल्या होत्या त्यांचं घर कोमुनिदादच्या जमिनीवर, त्यांना मॅडमनी पैसे न घेता तिकडचा रस्ता दाखवला, तुमची केस माझ्याकडची नव्हे म्हणून. हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आणि त्यासाठीच एवढं लिहितोय म्हणा. आमच्या बाजूला मायनिंगचा पट्टा. २००८ मध्ये सगळे ट्रक घेत होते, बाबांनाही घ्यायचा होता. बँकेत गेलो, त्यांनी तारण म्हणून घराचे कागद मागितले. आमच्याकडे कागद कुठे. कर्ज नाही मिळालं. बाबा वर्षभर भाटकाराला शिव्या देत होते, त्याच्यामुळे आम्ही मागे राहिलो म्हणून. मग सप्टेंबर २०१२ मध्ये मायनिंग बंद पडलं, मग थोडं सुरू, परत मार्च २०१८ मध्ये बंद. वरच्या वाड्यावर ज्यांची स्वतःच्या नावाची घरं होती त्यांच्या दारात बँकेच्या नोटिसा लागल्या, ६० दिवसांत पैसे भरा नाहीतर ताबा. ट्रक अंगणात गंजत उभे. आमच्या दारात काही नाही, कारण गहाण ठेवायला आमच्याकडे काही नव्हतंच.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी फाईल मिटून ठेवली आणि म्हणाल्या, तेच सांगायचंय मला. दिवाणी कायद्यात, १९०८ च्या प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये, शेतकऱ्याचं, मजुराचं, घरकाम करणाऱ्याचं राहतं घर साध्या उधारीच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही असं आहे, ते आपलं छोटंसं होमस्टेड समजा, पण नोकरदार माणसाला ते नाही आणि तुम्ही वेर्ण्याला कंपनीत आहात. आणि घर गहाण ठेवून कर्ज घेतलं तर कोणालाच नाही, २००२ च्या कायद्याने बँक कोर्टात न जाताच ताबा मागू शकते. आजवर तुम्हाला जे वाचवत होतं ते तुमचं कागद नसणं होतं. आता कागद येईल. मग बँकवाले घरी येऊन चहा पितील.

बाबा म्हणाले, चहा देऊ, कागद देणार नाही. आई म्हणाली चहा तरी कशाला.

सध्या कुठपर्यंत आलंय, तर रजिस्टरातली ऑर्डर गेल्या महिन्यात हातात आली, भाटकाराच्या पुण्याच्या मुलाने शेवटी हरकत घेतली नाही, लिस्बनवाला आलाच नाही. विकत घ्यायचा अर्ज घातलाय, मामलेदार जागेची पाहणी करून किंमत ठरवतील, ती भरली की दाखला, मग जमिनीचा तुकडा वेगळा काढून उताऱ्यावर नाव. म्हणजे अजून बरंच आहे. आज सकाळी मामांचा फोन आला, चक्क स्वतःहून, म्हटलं एवढं लिहितोय त्याचा वास लागला की काय. नाही, आत्याचा फोटो जुना लागलाय, नवा हवा आणि एक सही राहिलीय. "आतेक घेवन यो," म्हणाले, "आनी काजूगर हाडपाक सांग तिका."